कोरड्या हवेचं काम

“रंग जपायला सिरॅमिक कोटिंग हवंय, आजच करा,” नवी गाडी घेऊन आलेले इंगवले सर अडून बसले.

तबस्सुमने जुलैच्या आभाळाकडे पाहिलं. “सर, हवेत ओल आहे. आत्ता नीट बसणार नाही, डाग पडतील. डिसेंबरात या.”

सर रागावून गेले. चाळीस वर्षं ट्रक रंगवलेले तिचे अब्बा पुटपुटले, “आलेलं गिऱ्हाईक घालवलंस.”

डिसेंबरात सर परत आले, शेजाऱ्यालाही घेऊन. त्याने पावसाळ्यातच दुसरीकडे करून घेतलेल्या कोटिंगवर पांढरट डाग उठले होते.

तबस्सुमने दोन्ही गाड्या आरशासारख्या करून दिल्या. सरांनी अब्बांना विचारलं, “लेकीला तुम्हीच शिकवलंत ना?”

अब्बा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. “नाही सर. हल्ली मीच तिच्याकडून शिकतोय.”