आधी नाव

पेशंटचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राचा नवा स्क्रीन काही केल्या उजळेना. तो चालावा म्हणून तिने मूळ फाईलवर चढवायची जोडफाईल लिहून साहेबांकडे तपासायला पाठवली. फाईल गेल्या पावली परत आली.

"अगं, जोडफाईलच्या नावाशेवटी नुसतं डीटीएस नाही, डीटीएसओ लागतं! नावातच घोळ, तर आत काय दिवे लावले असशील?"

"सर, आतलं वाचलंत का?"

"आधी नाव!"

तिने चडफडत योग्य नावाची नवी फाईल केली आणि दिली पाठवून. मिनिटाभरात साहेबांचं उत्तर हजर: "आता कसं! ओळ न् ओळ तपासली. एकही चूक नाही."

खूश होऊन तिने फाईल उघडली.



रागारागात नाव तेवढं दिलं होतं. आत एकही ओळ नव्हती.