सोळा दात

आरोग्यसेविका हिराबाई पाडवींचं पत्र दिनकररावांच्या टेबलावर सात महिने पडून होतं. ‘तुमच्या पुस्तकात वाचून मोटरसायकलचं पुढचं स्प्रॉकेट बदललं. आता लसींची पेटी घेऊन गाडी घाट चढत नाही. पुस्तक कसं चुकेल? माझंच चुकलं असणार.’

चढासाठी चौदा दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाक, लागतं. दिनकररावांनी पुस्तकात सोळा लिहिले होते. पत्र आलं त्याच दिवशी चूक त्यांना दिसली होती, पण लाजेनं उत्तर लिहवलं नव्हतं.

“चुकीचं छापायला धीर झाला,” बायको म्हणाली, “अन् कबूल करायला होत नाही?”

“माझ्यावर विश्वास कोण ठेवील?”

“ती ठेवतेय ना अजून! पेटी पाठीवर घेऊन घाट चढत असेल बिचारी.”

दुपारी त्यांनी पोस्टात पार्सल दिलं. आत चौदा दातांचं स्प्रॉकेट होतं आणि एका ओळीचं उत्तर: ‘बाई, चूक तुमची नव्हती, माझी होती.’