तोंडदेखली प्रार्थना

टेम्पोवाला कुबडी घेऊन चर्चच्या दारात आला, तसं याकोबने बायबल मिटलं. याच माणसाच्या टेम्पोखाली त्याची बायको रूथ सापडली होती.

टेम्पो उलटून हाही जखमी झाला होता. रूथसाठी याकोबने अकरा दिवस गुडघे टेकले. ती गेली. पाळक म्हणाले, "आता वैऱ्यासाठी माग, याकोबा." म्हणून दर रविवारी उपासनेत उभं राहून तो म्हणायचा, "प्रभू, त्या माणसाला बरं कर." मनात मात्र म्हणायचा, ऐकू नकोस.

"डॉक्टरांनी आशा सोडली होती," टेम्पोवाला सगळ्या मंडळीसमोर बोलला. "तुम्ही माझ्यासाठी मागत होता म्हणे, दादा. त्यानंच वाचलो." पाया पडायला वाकताना त्याचा तोल गेला. याकोबने नकळत त्याचा दंड धरला.

बाया डोळे पुसू लागल्या. पाळक गहिवरून म्हणाले, "साक्ष दे, याकोबा. देवानं तुझं ऐकलं."

दंड न सोडताच याकोब म्हणाला, "ऐकलं खरं. माझंच चुकलं, पाळकसाहेब. रूथसाठी मी अगदी मनापासून मागत बसलो."