छताखाली दोघी
गॅरेजवालीच्या पोटात दुखत होतं. कॅम्पर व्हॅन घेऊन भटकायचं हे तिचं आणि मैत्रिणीचं वीस वर्षांपासून ठरलेलं. मैत्रिणीने व्हॅन घेतली ती मात्र पोहण्याच्या तलावावर भेटलेल्या बाईबरोबर. त्या व्हॅनचं उघडणारं छत वर टिकेना, म्हणून ते पेलणारे गॅसचे दोन्ही दांडे बदलून घ्यायला ती बाई एकटीच गॅरेजवर आली. “छत हातांवर धरा,” गॅरेजवाली म्हणाली आणि मुद्दाम सावकाश नट फिरवू लागली. बाईचे दंड थरथरायला लागले. “मला तुमचा राग येतो,” ती म्हणाली. “कुठेही थांबलो की तुमच्या मैत्रिणीचं सुरू, गॅरेजवाली असती तर खरी मजा आली असती.” गॅरेजवालीचा पाना थांबला. दुसरा दांडा तिने भराभर बसवला. “सोडा आता, नाही पडणार.” बाईने हात खाली घेतले. गॅरेजवालीने खुर्ची पुढे केली. “बसा. आणखी काय काय म्हणते ती?”