उपासाची कोथिंबीर

"उपासाला कोथिंबीर चालते," गंधार म्हणाला.

खिचडी वाढता वाढता यामिनीचा हात थांबला. "आमच्याकडे नाही चालत."

"आमच्याकडे चालते. जिरंही चालतं."

"मग तो उपास कसला? जेवणच की ते!"

दीनानाथ लगबगीने मध्ये पडले. "अगं, पाहुणे मॉन्ट्रियलहून आलेत, एवढ्या बर्फातून. चालू दे की कोथिंबीर."

"बाबा, आईने कधी घातली होती?"

"छे! तिने शेवटच्या आजारपणातसुद्धा नाही घातली." दीनानाथांनी उसासा सोडला.

झालं. आता प्रश्न कोथिंबिरीचा उरला नाही. यामिनीने खिचडीचं भांडं जरा जोरातच खाली ठेवलं.

गंधार विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. स्थळ दीनानाथांनीच शोधलं होतं, फोनवर सगळं बोलले होते तेही तेच. मुलामुलीने आज पहिल्यांदाच एकमेकांना पाहिलं.

यामिनी चौतिशीची. हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी पूजा, बाबांच्या गोळ्या, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा, मग लॅब, ग्रोसरी, स्वयंपाक, संध्याकाळी विष्णुसहस्रनाम. आई गेल्यापासून यात खंड नव्हता. थंडीचा वारा शिरू नये म्हणून दीनानाथ ऑक्टोबरातच खिडक्यांना प्लास्टिक लावत, ते एप्रिलपर्यंत निघत नसे. त्यातून बाहेरचा रस्ता पाण्याखाली असल्यासारखा दिसे.

याआधीची स्थळंही अशीच भांडणात मोडली होती. एक चातुर्मासातल्या कांद्यावरून, एक सोवळ्यावरून. "मुलगी गुणी आहे, पण जीभ तिखट," असं महाराष्ट्र मंडळात सगळे म्हणत. यामिनीलाही ते पटत चाललं होतं. या वेळी मात्र तिने मनाशी ठरवलं होतं. मॉन्ट्रियलला फ्रेंच लागतं म्हणून गेला महिनाभर ती वॉशरूमचा पंखा लावून, दार बंद करून फ्रेंच आकडे पाठ करत होती.

"खिचडी मात्र मोकळी झालीय हं," गंधार हळूच म्हणाला. "मी केली की लगदा होतो. तोही कोथिंबीर घालून."

यामिनीला हसू आलं. "मग लगदाच चालत नसेल देवाला."

"कॉलेजात एका रशियन प्रहसनात काम केलं होतं मी. मागणी घालायला आलेल्या नवऱ्या मुलाचं. मागणी राहते बाजूला आणि दोघं भांडत सुटतात."

"शेवटी लग्न होतं का?"

"होतं. भांडत भांडतच."

"ते रशियन होते," यामिनी म्हणाली, पण दही तिने त्यालाच आधी वाढलं.

दीनानाथांनी दोघांकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली. "गंधार, मनात आहे ते बोलून टाका बघू. संकोच कसला?"

गंधारने घसा साफ केला, पाण्याचा घोट घेतला. दीनानाथांनी धीर देत मान हलवली. यामिनीने पदर सारखा केला आणि नजर ताटाकडे वळवली.

"यामिनी, मला तुम्हाला एक विचारायचंय."

"विचारा ना."

"तुम्ही एकादशी इथल्या सूर्योदयाने धरता की भारतातल्या?"

यामिनीने मान वर केली. "म्हणजे?"

"तुमचं कॅलेंडर पुण्याचं. इथल्या सूर्योदयाने पाहिलं तर एकादशी कालच झाली."

"म्हणजे माझे इतक्या वर्षांचे उपास चुकीच्या दिवशी?"

"सगळे नाही. काही काही."

"देव काय गणित करत बसतो?"

"मग तुम्ही कॅलेंडर तरी कशाला बघता?"

"काल तुम्ही काय खाल्लंत?"

गंधार गडबडला. "काल? पिझ्झा."

"खऱ्या एकादशीला पिझ्झा खाल्लात, आणि आज मला शिकवायला आलात!"

"मी श्रद्धाळू आहे असं म्हणालोच नाही!"

"हळू, हळू," दीनानाथ म्हणाले. "यामिनी, त्यांना अगदीच अडाणी म्हणू नकोस."

"अडाणी?" गंधार उभाच राहिला. "मला अडाणी म्हणालात?"

"मी कुठे म्हणाले? पण आता म्हणते!"

पुढची दहा मिनिटं वऱ्याच्या तांदळापासून तुळशीपर्यंत काहीही सुटलं नाही. शेवटी गंधारने कोट चढवला. बूट घालताना डाव्या पायाचा उजव्यात गेला. दाराशी तो थबकला. त्याचा आवाज एकदम उतरला होता.

"यामिनी, मी खरं तर वाद घालणारा माणूस नाही. मला..."

"हायवे बंद होणार आहे म्हणे." दीनानाथांनी दार उघडलं. बर्फाचा झोत आत आला. "निघा बेटा. उजेड आहे तोवर गाडी काढा."

गाडी गेली. प्लास्टिकमागून तिचे लाल दिवे धूसर दिसले, मग तेही दिसेनासे झाले.

यामिनीने ताटं उचलली. देवघरापुढे निरांजन लावलं आणि तिथेच बसून राहिली.

"बाबा, माझी जीभच वाईट."

"नाही गं. तुझ्या तोडीचा मिळाला नाही, इतकंच."

"मी संकल्प करते. पुढच्या वेळी जो कुणी येईल, तो काहीही म्हणो, मी उलट बोलणार नाही."

दीनानाथांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढ्यात फोन वाजला. एडमंटनचं स्थळ होतं, जयदीप. यामिनीने डोळे मिटून हात जोडले.

दीनानाथ कॉर्डलेस घेऊन बेसमेंटमध्ये उतरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"या ना जयदीपराव, अवश्य या. तिला काय आवडतं म्हणता? हो ला हो करणारा मुलगा तिला मुळीच चालत नाही. आजचे एक गृहस्थ नुसते माना डोलवत बसले, म्हणून नाकारले गेले बिचारे. तुम्ही सरळ तिच्या उपासातापासावर बोट ठेवा. या खेपेला ती गप्प बसेल, पण तुम्ही सोडू नका. वाद घालणाऱ्या माणसावरच तिचा जीव जडतो."