मगदूमांची बॅच

आयटीआयच्या या कोर्समधून मगदूमांना आपल्या वर्कशॉपसाठी चार वेल्डर मिळायचे होते. मग त्यांच्या थकल्या डोळ्यांना विसावा होता. म्हणून त्यांनी तिथल्या समितीवर बसून अभ्यासक्रमात बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, वेल्डिंग घालायला लावलं आणि वर्षभर दर शनिवारी स्वतः जाऊन शिकवलं.

निकाल लागला तशा चौघी पोरी त्यांच्या वर्कशॉपवर पेढे घेऊन आल्या.

"सर, चाकणच्या कंपनीनं आम्हा चौघींनाही घेतलं. बिडाचं काम येणारी माणसं मिळतच नाहीत म्हणे."

"हे मला सांगतेस होय?" मगदूम म्हणाले.

पोरी हसल्या, पाया पडल्या आणि गेल्या.

बाकाखाली दुरुस्तीला आलेले बिडाचे फुटके पंप पडून होते. मगदूमांनी एक उचलून वर घेतला, मास्क तोंडावर ओढला. चाकणला चार वेल्डर गेले होते. मगदूमांच्या वाट्याला चार पेढे आले आणि एकच वेल्डर उरला, तोही एकसष्ट वर्षांचा.