राजनंदिनी आऊट झाली तवा

अगं ऐक की, सॉफ्टबॉलच्या फायनलला लई भांडण झालं! स्कोअर बरोबरीत, शेवटची इनिंग, आमची एकच आऊट, मी तिसऱ्या बेसवर. मी होमला पोचले की कप आमचा. बॅटिंगला आमच्या सांगोल्याची राजनंदिनी, दोन स्ट्राइक खाल्लेली, तिसरीला आऊट. बॉल तिच्या बॅटला जरासा घासला आन् थेट जुळे सोलापूरच्या टीमच्या कॅचरच्या, त्या पायलच्या, ग्लोव्हमधी!

अंपायर ओरडले, "फाऊल टिप! बॅटर आऊट!"

"आऊट कसं? बॅटला लागलाय की! फाऊल हाय, अजून एक बॉल द्या!" राजनंदिनी हलंचना.

पायल बॉल घेऊन तिच्या अंगावरच गेली. "टिप मी धरली, म्हणजे तिसरी स्ट्राइक. रूल येत नसेल तर सांगोल्याला जाऊन शेरडं राख!"

"पुन्ना म्हण! म्हणून दाखव!"

पायलनं म्हणून दाखवलं. तवर मी पळत होमला पोचले बी.

पायल किंचाळली, "फाऊलवर पळता येत नाही!"

अंपायर म्हणले, "फाऊल बॉलवर नाही येत. पण टिप धरली की खेळ चालूच असतो. रन!"

राजनंदिनीनं शांतपणे बॅट उचलली. "आऊट हाय ते मला बी ठावं व्हतं गं. तुजं तोंड फकस्त माझ्याकडं पायजे व्हतं."